भाकीत आणि इतिहास यांची जुळणी कशी करावी: सोर नगरीचे उदाहरण घेऊन

बायबल अभ्यासगटात भाकितांचा विषय निघाला की काम बहुधा उलट्या टोकाकडून सुरू होते. निष्कर्ष आधीच ठरलेला असतो: हे वचन अलेक्झांडरबद्दल आहे, ते वचन आजच्या अमुक देशाबद्दल आहे. मग त्याला बसेल तेवढाच मजकूर वाचायचा आणि इतिहासातून सोयीचे तेवढेच उचलायचे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या संदेशांत तर वचनाचा मागचापुढचा संदर्भही नसतो. दुसऱ्या बाजूची घाईही तेवढीच. एखादी गोष्ट अक्षरशः घडलेली दिसली नाही की ‘भाकीत खोटे ठरले’ म्हणून मोकळे व्हायचे. दोन्हीकडे घोटाळा क्रमाचा आहे. जुळणी सर्वांत शेवटी करायची असते, ती पहिल्या पाच मिनिटांत उरकली जाते.

खाली क्रमवार टप्पे दिले आहेत. मुख्य उदाहरण यहेज्केल या संदेष्ट्याच्या ग्रंथातल्या २६ व्या अध्यायातल्या सोरेचे, म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या टायर या व्यापारी बंदराचे. हे मुद्दाम घेतले आहे, कारण यात इतिहासाशी जुळणारे आहे, न जुळणारे आहे आणि संदेष्ट्याच्या ग्रंथातच पुढे आलेला एक शेराही आहे. श्रद्धेने वाचणारा असो वा चिकित्सेने, सहाव्या टप्प्यापर्यंतचे काम दोघांचे सारखेच.

## तयारी

दोन मराठी भाषांतरे जवळ ठेवा. एक शब्दाला धरून जाणारे, म्हणजे बायबल सोसायटीचे नेहमीचे ‘पवित्र शास्त्र’, आणि दुसरे सोप्या भाषेतले. सोप्या भाषांतरात अर्थ पटकन लागतो, पण ‘तो’ की ‘ते’ अशा बारीक गोष्टी त्यात कधी कधी सपाट होतात, आणि भाकितांत नेमका वाद त्यांवरच असतो.

वहीच्या पहिल्या पानावर नावांची यादी करा. मराठी बायबलमधली नावे इतिहासाच्या पुस्तकांत वेगळ्या रूपात भेटतात. सोर म्हणजे टायर, बाबेल म्हणजे बॅबिलोन, मिसर म्हणजे इजिप्त, अश्शूर म्हणजे असीरिया, कोरेश म्हणजे सायरस, दारयावेश म्हणजे डॅरियस, अहश्वेरोश म्हणजे झर्क्सीस, अर्तहशश्त म्हणजे आर्टाझर्क्सीस, खास्दी म्हणजे कॅल्डियन. ही यादी नसली की नेटवर शोधून काही हाती लागत नाही आणि माणूस ‘इतिहासात नोंदच नाही’ असे ठरवून टाकतो. त्यातही दारयावेश नावाचे पारसी सम्राट तीन झाले आणि अर्तहशश्तही एकापेक्षा अधिक. कोणता ते नावापुढे लिहा.

नकाशा त्या काळचा हवा. आजच्या नकाशात लेबनॉनमधले सूर शहर जमिनीला जोडलेले दिसते. यहेज्केलाच्या वेळी मुख्य नगर बेटावर होते, किनाऱ्यापासून सुमारे पाऊण किलोमीटर आत, आणि समोरच्या किनाऱ्यावर त्याच नगराची वस्ती होती. हा एक तपशील नजरेतून सुटला की अर्धा अध्याय चुकीचा वाचला जातो.

शेवटी वहीच्या पानाचे चार रकाने करा: मजकुरातला दावा, भाकिताची तारीख, बाहेरचा पुरावा (कोणाचा, केव्हाचा) आणि न जुळलेले. चौथा रकाना रिकामा ठेवायचा मोह होईल. तो भरलाच पाहिजे.

## टप्पा १: वचन नव्हे, उतारा वाचा

सोरेविषयीचा मजकूर यहेज्केलात २६ ते २८ अशा तीन अध्यायांत आहे. बरेच जण २६ व्या अध्यायाची चौदा वचने वाचून थांबतात. २७ वा अध्याय हा सोरेवरचा शोक आहे; त्यात नगरीला एक देखणे जहाज कल्पून ते भर समुद्रात फुटते असे वर्णन येते. २८ व्यात राजाच्या गर्वावर वार आहे. शिवाय २९:१७-२० मध्ये, म्हणजे २९ व्या अध्यायाच्या १७ ते २० या वचनांत, सोर पुन्हा येते. सोरेवर यशया २३, आमोस १:९-१० आणि जखऱ्या ९:२-४ हेही उतारे आहेत. ते वाचा, पण त्यांतले दावे यहेज्केलाच्या रकान्यात मिसळू नका. यशया सोरेबद्दल सत्तर वर्षांची विस्मृती आणि पुढे पुन्हा व्यापार सांगतो; यहेज्केल तसे काही सांगत नाही. दोघांचे मिळून एकच भाकीत करून टाकणे ही सर्रास चूक आहे.

तपासणी: उताऱ्याच्या आधीचे आणि नंतरचे प्रकरण कशाबद्दल आहे, हे पुस्तक न उघडता सांगता येते का? नसेल तर अजून पुढे जाऊ नका.

## टप्पा २: दावे सुटे करा

आता इतिहासाचे पुस्तक मिटलेलेच ठेवा आणि मजकूर काय म्हणतो ते तुकड्या-तुकड्यांनी लिहा. यहेज्केल २६ चे पान साधारण असे दिसेल:

- वचन ३: समुद्राच्या लाटा याव्यात तशी ‘बहुत राष्ट्रे’ सोरेवर येतील.
- वचन ४-५: तट पाडले जातील, माती खरवडली जाईल, उघडा खडक राहील, समुद्रामध्ये जाळी पसरण्याची जागा होईल.
- वचन ७: बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर उत्तरेकडून घोडे आणि रथ घेऊन येईल.
- वचन ८: तो किनाऱ्यावरच्या ‘कन्यांना’, म्हणजे सोरेच्या अंकित गावांना, तलवारीने मारील; मोर्चे बांधील.
- वचन ९-११: तट फोडील, घोड्यांच्या टापांनी रस्ते तुडवील.
- वचन १२: ‘ते’ संपत्ती लुटतील, दगड, लाकूड आणि माती पाण्यात टाकतील.
- वचन १४: नगर पुन्हा बांधले जाणार नाही.
- वचन २१: शोधूनही सापडणार नाही.

सातव्या ते अकराव्या वचनापर्यंत कर्ता ‘तो’ आहे. बाराव्यात क्रियापद अनेकवचनी होते. पुढचा मोठा वाद इथेच आहे, म्हणून ही जागा पेन्सिलने खुणावून ठेवा. आत्ताच अर्थ लावू नका.

इशारा: दावे लिहिताना ‘म्हणजेच’ हा शब्द वापरू नका. ‘बहुत राष्ट्रे, म्हणजेच बाबेल, ग्रीस, रोम’ असे लिहिले की जुळणी गुपचूप पहिल्याच रकान्यात शिरली.

## टप्पा ३: भाकिताची तारीख ठरवा

यहेज्केल या बाबतीत फार सोयीचा, कारण तो तारखा देतो. त्याची वर्षे यहूदाचा राजा यहोयाखीन बाबेलच्या कैदेत गेला तेव्हापासून मोजलेली आहेत. यरुशलेमच्या त्या पाडावाची नोंद बाबेलच्या कालवृत्तान्ताच्या मातीच्या पाटीवर आहे: इ.स.पू. ५९७ चा मार्च. त्यामुळे २६:१ मधले ‘अकरावे वर्ष’ इ.स.पू. ५८७-५८६ च्या आसपास येते आणि २९:१७ मधले ‘सत्ताविसावे वर्ष’ इ.स.पू. ५७१ वर. दोन्ही पानावर लिहा. पुढे याच दोन तारखा निर्णायक ठरतात.

सगळे संदेष्टे इतके सरळ तारीख देत नाहीत. तिथे मजकुराच्या आतली खूण शोधा. उत्तम नमुना नहूम संदेष्ट्याचा. अश्शूरची राजधानी निनवे हिला तो विचारतो, ‘नो-आमोनाहून तू चांगली आहेस काय?’ (३:८), आणि ते नगर पडल्याचे तो घडून गेलेली गोष्ट म्हणून सांगतो. मिसरातले नो-आमोन, म्हणजे थीब्ज, अश्शूऱ्यांनी इ.स.पू. ६६३ मध्ये लुटले. निनवे पडले इ.स.पू. ६१२ मध्ये. निनवेचा नाश पुढे व्हायचा आहे असे मजकूर बोलतो, तेव्हा हे बोल या दोन सालांच्या मधले. एका वचनातून पन्नास वर्षांचा पट्टा हाती आला.

दानीएलाच्या बाबतीत तारखेवरच वाद आहे. परंपरेने तो इ.स.पू. सहाव्या शतकातला मानला जातो. बहुसंख्य चिकित्सक अभ्यासक त्यातली दर्शने ग्रीक वंशाचा राजा अँटायोकस चौथा याने यहूद्यांचा छळ केला त्या काळातली, इ.स.पू. १६७-१६४ च्या सुमाराची मानतात. हा वाद आधुनिक नव्हे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात ख्रिस्ती धर्माचा टीकाकार तत्त्वज्ञ पोर्फिरी याने तो उभा केला आणि पुढे ख्रिस्ती पंडित जेरोमने आपल्या भाष्यात त्याला उत्तर दिले. अशा वेळी रकान्यात दोन्ही तारखा लिहायच्या. ‘हे दर्शन कोणत्या राजांबद्दल आहे’ आणि ‘ते आधी लिहिले की नंतर’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. पहिल्या प्रश्नावर दोन्ही बाजूंचे पुष्कळ एकमत आहे. गटातली भांडणे बहुधा दोन्ही प्रश्न एकाच दमात विचारल्यामुळे होतात.

तपासणी: तारीख मजकुरातून आली, परंपरेतून आली की अभ्यासकांच्या अंदाजातून, हे तारखेशेजारी लिहिले आहे का?

## टप्पा ४: भाषा कोणत्या जातीची आहे ते पाहा

संदेष्टे बहुतांशी काव्यात बोलतात, आणि त्या काव्याचे ठरलेले संकेत आहेत. यशया १३:१० मध्ये बाबेलच्या नाशाच्या वेळी तारे आणि सूर्य काळे पडतात. यहेज्केल ३२:७-८ मध्ये मिसराच्या बाबतीत तेच. अदोमाचे ओढे यशया ३४:९ मध्ये डांबराचे होतात. त्या काळी सूर्यग्रहण झाले होते का हे शोधत बसणे इथे वेळ दवडणे आहे. राज्य कोसळण्याची ही बोलण्याची रीत होती. मार्क १३:२४ वाचतानाही हे संकेत आधी आठवावेत, मग पुढचे बोलावे.

दुसरी गोष्ट अटीची. यिर्मया १८:७-१० मध्ये नियम सांगितलेला आहे: ज्या राष्ट्राविरुद्ध नाशाचे बोल काढले ते वळले, तर नाश टळतो. योनाने निनवेला चाळीस दिवसांची मुदत सांगितली आणि नगर वाचले, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. यिर्मया २६ मात्र फारसे कोणी उघडत नाही. तिथे यिर्मयाला ठार मारायचे घाटत असताना देशातले वडील जन उठतात आणि शंभरेक वर्षांपूर्वीचे मीखा संदेष्ट्याचे शब्द म्हणून दाखवतात: सीयोन, म्हणजे यरुशलेम, शेतासारखी नांगरली जाईल. मग म्हणतात, तेव्हाच्या हिज्कीया राजाने मीखाला मारले का? त्याने परमेश्वराची विनवणी केली आणि अरिष्ट टळले. म्हणजे भाकीत ‘घडले नाही’ ही गोष्ट त्या वडिलांच्या लेखी मीखाच्या विरोधातला पुरावा नव्हती.

इशारा: ही अटीची किल्ली प्रत्येक कुलपाला लावू नका. योना आणि मीखा यांच्या बाबतीत पश्चात्ताप झाल्याचे मजकूरच सांगतो. सोरेने पश्चात्ताप केल्याचे यहेज्केलात कुठेही नाही.

## टप्पा ५: बायबलमध्येच पुढे काही म्हटले आहे का ते शोधा

बाहेर जाण्याआधी घरातले पाहा. दानीएल ८ मधल्या एडक्याचा आणि बोकडाचा अर्थ लावायला लोक तऱ्हेतऱ्हेचे देश सुचवतात. तोच अध्याय वचन २०-२१ मध्ये सांगून मोकळा होतो की एडका म्हणजे मेदी आणि पारसी राजे, बोकड म्हणजे ग्रीसचा राजा. मजकुराने उत्तर दिले असेल तिथे आपली कल्पना चालवायची नाही.

सोरेबाबत हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा. २९:१७-२० मध्ये, म्हणजे पहिल्या बोलानंतर पंधराएक वर्षांनी, यहेज्केल म्हणतो: नबुखद्नेस्सराने आपल्या सैन्याकडून सोरेवर कठीण चाकरी करवून घेतली, प्रत्येकाच्या डोक्याला टक्कल पडले, प्रत्येकाचा खांदा सोलून निघाला, तरी त्या चाकरीबद्दल त्याला किंवा सैन्याला सोरेकडून वेतन मिळाले नाही, म्हणून त्याला मिसर देश दिला जाईल. शिरस्त्राणाने घासलेली डोकी आणि ओझ्यांनी सोललेले खांदे. वेढ्याचे इतके जवळून केलेले वर्णन दुसऱ्या कोणत्याही साधनात नाही.

हे वाचून झाल्यावर २६:१२ मधल्या लुटीच्या ओळीपुढे लिहा: ‘नबुखद्नेस्सराच्या हातून झाली नाही, २९:१८ प्रमाणे.’ काही जण हा उतारा वगळतात कारण तो अडचणीचा वाटतो. मला तर उलट वाटते. ज्यांनी हा ग्रंथ जपला त्यांनी दोन्ही बोल शेजारी राहू दिले, तारखांसकट. आपण त्यातला एक झाकायचे काहीच कारण नाही.

## टप्पा ६: बाहेरची साधने, वयासकट

आता इतिहासाचे पुस्तक उघडा. प्रत्येक साधनापुढे तीन गोष्टी लिहा: घटनेनंतर किती वर्षांनी लिहिले, लिहिणाऱ्याला माहिती कुठून मिळाली, आणि नेमके काय म्हटले आहे. तिसऱ्या गोष्टीत सगळ्यांत जास्त फसगत होते.

सोरेच्या वेढ्याचा काळ तेरा वर्षे असे यहूदी इतिहासकार योसेफस सांगतो. तो पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहितो, म्हणजे साडेसहाशे वर्षांनी, पण फिनिशियन, म्हणजे सोरेकडच्या लोकांच्या, नोंदींच्या आधारे, सोरेच्या इथोबाल राजाच्या कारकिर्दीचा उल्लेख करून. बाबेलचा स्वतःचा कालवृत्तान्त या वर्षांपुरता उपलब्ध नाही, इ.स.पू. ५९४ नंतर त्यात मोठी फट आहे. या फटीमुळे आणखी एक चूक होते: ‘बाबेलच्या पाटीवर इ.स.पू. ५८६ चा यरुशलेमच्या मंदिराचा विध्वंस नोंदलेला आहे’ असे सर्रास सांगितले जाते. पाटीवर ५९७ चा पाडाव आहे, ५८६ चा नाही.

मिसराबद्दल नबुखद्नेस्सराच्या सदतिसाव्या वर्षाचा, म्हणजे इ.स.पू. ५६८-५६७ चा उल्लेख असलेली एक तुटकी बाबेली पाटी आहे. तीवरून स्वारी झाल्याचे कळते, निकाल कळत नाही. मिसर चाळीस वर्षे ओसाड राहील (२९:११-१२) असेही यहेज्केलात आहे. तसे घडल्याची नोंद मिसरी वा बाबेली साधनांत मिळत नाही. हे चौथ्या रकान्यात जाते.

अलेक्झांडरने इ.स.पू. ३३२ मध्ये सोरेला सात महिने वेढा घातला. बेटापर्यंत पोचण्यासाठी त्याने समुद्रात भराव घालून रस्ता केला, आणि किनाऱ्यावरची जुनी सोर पाडून तिचे दगड त्यात वापरले असे ग्रीक इतिहासकार डायोडोरस लिहितो. दुसरा ग्रीक इतिहासकार एरियन याच्या मते आठ हजार मारले गेले आणि तीस हजार गुलाम म्हणून विकले गेले. हे लेखकही घटनेनंतर तीनशे ते साडेचारशे वर्षांनी लिहीत होते, जुन्या वृत्तान्तांवरून. भरावाबद्दल मात्र शंका उरत नाही, कारण त्याच्याभोवती गाळ साचत गेला आणि बेटाचे द्वीपकल्प झाले. आजचे शहर त्यावरच उभे आहे.

जुन्या लेखकाचे नाव दिसले की मान तुकवू नये, याचे उदाहरण निनवेचे. नहूम २:६ मधल्या ‘नद्यांची दारे उघडली’ या शब्दांना डायोडोरसची कथा जोडतात: नदीला पूर आला आणि तट कोसळला. पण हाच डायोडोरस निनवे युफ्रेटिस नदीवर वसलेले दाखवतो. ते टायग्रिसवर होते. बाबेलच्या कालवृत्तान्ताच्या उरलेल्या मजकुरात पुराचा उल्लेख नाही. म्हणून रकान्यात ‘डायोडोरस, उशिराचा, भूगोलात चूक’ असे लिहा, आणि वापरायचेच तर त्या शेऱ्यासह वापरा.

आणि बाबेल जिंकणारा पारसी सम्राट कोरेश याचा दंडगोल. १८७९ मध्ये बाबेलच्या अवशेषांत सापडलेली ही मातीची वस्तू ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ‘यहूद्यांना परत पाठवण्याचा हुकूम यावर कोरलेला आहे’ हे वाक्य पुन्हा पुन्हा ऐकायला मिळते. त्यात यहूदा नाही, यरुशलेम नाही. बाबेलच्या मर्दूक देवाने कोरेशाला निवडले असे त्यात म्हटले आहे, आणि टायग्रिसच्या पलीकडच्या गावांतले देव व माणसे आपापल्या ठिकाणी परत पाठवल्याचे सांगितले आहे. एज्रा १ मधल्या हुकुमाशी हे धोरण सुसंगत आहे, एवढेच म्हणता येते. एवढेही थोडे नव्हे.

तपासणी: तुम्ही वापरलेले प्रत्येक साधन ‘काय म्हणते’ हे तुम्ही अनुवादात स्वतः वाचले आहे, की कोणीतरी सांगितलेले उतरवले आहे? दुसरे असेल तर तसे लिहा.

## टप्पा ७: आकडेमोड

वर्षांच्या हिशोबात तीन ठिकाणी घसरायला होते.

पहिले, शून्य वर्ष नसते. इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येते, म्हणून दोन्हीकडची बेरीज करताना एक वजा करावा लागतो. अमेरिकेतला धर्मोपदेशक विल्यम मिलर येशूच्या पुनरागमनाचे साल काढत होता. त्याने दानीएल ८:१४ मधले २३०० दिवस म्हणजे वर्षे धरली, इ.स.पू. ४५७ पासून मोजली आणि १८४३ काढले. शून्य वर्षाची दुरुस्ती लक्षात आल्यावर ते १८४४ झाले आणि अनुयायांनी २२ ऑक्टोबर ही तारीख धरली. त्या दिवशी काही घडले नाही.

दुसरी घसरण त्याच उदाहरणात आहे. एक दिवस म्हणजे एक वर्ष हे गणना १४:३४ आणि यहेज्केल ४:६ मध्ये मजकूर स्वतः सांगतो. दानीएल ८ मध्ये तसे कोणी सांगत नाही. तिथे ‘संध्याकाळ-सकाळ’ असे शब्द आहेत, आणि त्यांचे २३०० दिवस धरायचे की ११५०, हाच आधी प्रश्न आहे.

तिसरे, सुरुवात कुठून धरायची. यिर्मयाची सत्तर वर्षे घ्या. इ.स.पू. ६०५ ते ५३९ मोजली तर ६६ होतात. अश्शूरचा शेवट झाला त्या ६०९ पासून ५३९ पर्यंत ७०. मंदिर जळाले त्या ५८६ पासून ते पुन्हा पुरे झाले त्या ५१५ पर्यंत ७१. गटात प्रत्येक जण आपल्याला आवडलेली जोडी घेऊन बसतो. त्याऐवजी २५:११ आणि २९:१० पुन्हा वाचा. तिथे मोजमाप बाबेलच्या सत्तेचे आहे: राष्ट्रे बाबेलच्या राजाची सेवा करतील, ‘बाबेलची सत्तर वर्षे’ भरतील. मंदिराशी हा आकडा जोडायची वाट जखऱ्या १:१२ वरून निघते, आणि तो वेगळा उतारा आहे. म्हणून यिर्मयासाठी मी बाबेलच्या राज्याचा हिशोब धरतो, आणि सत्तर हा एका आयुष्याचा ठोकळ आकडा असू शकतो हेही लिहून ठेवतो.

इशारा: उत्तर आधी ठरवून सुरुवातीचे साल मागे-पुढे सरकवत असाल, तर पेन खाली ठेवा.

## टप्पा ८: आता जुळणी

सोरेचे पान समोर घ्या आणि दाव्यागणिक निकाल लिहा.

नबुखद्नेस्सराची स्वारी आणि दीर्घ वेढा: जुळते, योसेफस आणि २९:१८ दोन्हीकडून. लूट: त्याच्या हातून नाही. बेटाचे रस्ते घोड्यांनी तुडवणे: तसे झाल्याचा पुरावा नाही, वेढा बहुधा तहाने संपला असे अभ्यासक मानतात. दगड-माती पाण्यात: अडीचशे वर्षांनी अलेक्झांडरच्या भरावाशी लक्षणीय साम्य. ‘पुन्हा बांधले जाणार नाही’: इथे सावकाश चला.

सोर पुन्हा उभी राहिली, आणि लवकर. अलेक्झांडरच्या वेढ्यानंतर वीस वर्षांच्या आत त्याचाच एक सेनापती अँटिगोनस याला ती घ्यायला पंधरा महिने वेढा घालावा लागला. येशू सोर आणि सीदोन यांच्या प्रदेशात गेला (मत्तय १५:२१). पौल तिथल्या शिष्यांकडे सात दिवस राहिला (प्रे. कृत्ये २१:३-४). युरोपातल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी, म्हणजे क्रूसेडरांनी, ती ११२४ मध्ये घेतली, मिसरच्या मामलुक सुलतानांनी १२९१ मध्ये. आज तिथे भरवस्तीचे शहर आहे.

यावर चार उत्तरे दिली जातात. बोल किनाऱ्यावरच्या जुन्या सोरेबद्दल आहे. सोरेची सागरी सत्ता परत आली नाही असा अर्थ आहे. ही संदेष्ट्यांची अतिशयोक्तीची भाषा आहे. किंवा हा भाग घडला नाही. पहिले उत्तर मला लंगडे वाटते, कारण पाचवे वचन ‘समुद्रामध्ये’ म्हणते आणि किनाऱ्यावरच्या गावांना आठवे वचन वेगळे काढते. तिसऱ्या उत्तराकडे माझा कल आहे. पण त्याची किंमत मोजावी लागते. चौदावे वचन काव्य म्हणून सोडायचे आणि बारावे मात्र भरावाचा अक्षरशः अंदाज म्हणून मिरवायचे, हे चालणार नाही. दोन ओळींना दोन मापे लावायची तर त्याचे कारण मजकुरात दाखवले पाहिजे. बाराव्यातले ‘ते’ हे पुढच्या राष्ट्रांकडे बोट दाखवते असे काही जण म्हणतात, तिसऱ्या वचनातल्या लाटांच्या आधारे. तसे वाचता येते. पण ‘ते’ म्हणजे नबुखद्नेस्सराचेच सैनिक असेही वाचता येते, आणि व्याकरण तिथे निवाडा देत नाही.

इशारा: सूरच्या किनाऱ्यावर वाळत घातलेल्या जाळ्यांचे छायाचित्र हा पुरावा नव्हे. वर्सोव्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही कोळीवाड्यात तसे छायाचित्र मिळेल.

## टप्पा ९: गटासमोर मांडताना

दाव्यांची यादी आधी वाचून दाखवा, निकाल नंतर. ऐकणाऱ्यांच्या हातात पुस्तक उघडे असू द्या, आणि २९:१७-२० त्यांच्यापैकी कोणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा.

‘जुळते’, ‘साम्य आहे’, ‘वाचता येते’, ‘जुळत नाही’ हे चार शब्द ठरवून घ्या आणि त्यांची अदलाबदल होऊ देऊ नका. ‘साम्य आहे’चे ‘सिद्ध झाले’ बोलण्याच्या ओघात होऊन जाते, विशेषतः शेवटच्या दहा मिनिटांत. आजच्या बातम्यांचा प्रश्न हमखास येतो: इराण, रशिया, अमुक युद्ध. तेव्हा नवे पान घ्या आणि पहिल्या टप्प्यापासून चालू करा. त्या सभेतच उत्तर द्यायचे बंधन कोणावर नाही.

पानाच्या तळाशी तारीख घाला. बाबेलच्या पाट्या संग्रहालयांतून अजून वाचून प्रसिद्ध होत आहेत, आणि तिसऱ्या रकान्यात भर पडली तर निकालाची ओळ खोडून नवी लिहिता यावी एवढी जागा खाली सोडा.